हुंगायचा तास

आमच्या नर्सिंग कॉलेजात चोवीस तास थंड हवा मिळणारी एकच व्यक्ती होती, आणि ती रबराची होती. बाकी आम्ही सगळे, म्हणजे प्राचार्य सोडून, एप्रिल-मेमध्ये दौलताबाद रस्त्यावरून येणारी झळ खात बसायचो. मी तिथं ग्रंथपाल. ग्रंथालयाला दोन पंखे होते, त्यातला एक फिरायचा.

ही रबराची व्यक्ती आली तेव्हा कॉलेजनं समारंभ केला. फीत, समई, शाली, आणि ग्रॅनाइटच्या पाटीवर सोनेरी अक्षरांत अकरा नावं. पाटीवर ‘सिम्युलेशन लॅब’ या शब्दांपेक्षा अध्यक्षांचं नाव मोठं होतं. भाषणांत ‘जागतिक दर्जा’ किती वेळा येतो ते मी मोजायला घेतलं आणि नवव्यानंतर सोडून दिलं. तो पुतळा मात्र खरोखर विलक्षण होता. श्वासाबरोबर त्याची छाती वर-खाली व्हायची, मनगटावर नाडी लागायची, आणि शेजारच्या काचेच्या खोलीत बसून कुणी माइकवर बोललं की त्याच्या तोंडून आवाज यायचा. त्याला धाप लावता यायची, गुंगी आणता यायची, एक बटण दाबून त्याचं हृदय बंदही पाडता यायचं. खऱ्या पेशंटला हात लावण्याआधी पोरींनी याच्यावर शिकावं, अशी कल्पना. कल्पना चांगलीच होती. आमच्याकडं कल्पना नेहमीच चांगल्या असतात.

पाहुणे चहाला गेले. समई ग्रंथालयाच्या कपाटातली, म्हणून ती परत न्यायला मी मागं थांबलो होतो. तेवढ्यात डोक्यावर हेल्मेट असलेली एक ठेंगणी बाई आत आली. सरळ खाटेपाशी गेली आणि पुतळ्याच्या कपाळाला हात लावून म्हणाली, “किती गार पडलाय हा. लायब्रीवाले, एखादी चादर आहे का हो तुमच्याकडं?”

“पुतळा आहे तो,” मी म्हणालो.

“ते मला दिसतंय,” बाई म्हणाली. “पोरींना दिसू नये, एवढंच बघायचंय.”

सरकारी दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं वॉर्ड सांभाळून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि पंधरा दिवसांपूर्वी आमच्याकडं शिकवायला लागल्या होत्या. कुणी ‘मॅडम’ म्हटलं तर त्या मागं वळून बघायच्या, दुसरंच कुणी आलंय की काय म्हणून. “मॅडम बँकेत असतात. मी सिस्टर.” तेव्हापासून शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. ज्या कॉलेजात नावाआधी ‘डॉ.’ लावल्याशिवाय खुर्चीवर टॉवेल मिळत नाही, तिथं ही बाई एका शब्दावर निभावून नेत होती. मला सुरुवातीला ते ढोंग वाटलं. मला बहुतेक गोष्टी सुरुवातीला ढोंग वाटतात, आणि बहुतेक वेळा मी बरोबर निघतो. यावेळी नाही निघालो.

उस्मानपुऱ्यातून त्या स्कूटीवर यायच्या. गाडी लावली तरी हेल्मेट काढायच्या नाहीत. काच वर केलेली, हेल्मेट डोक्यावर, अशा दोन जिने चढून लॅबच्या दारापर्यंत जायच्या आणि तिथं ते काढून खुंटीला लावायच्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, “शिकवायचं डोक्यानंच ना? मग दारापर्यंत नीट आणायला नको?”

पहिल्याच आठवड्यात त्यांनी पुतळ्याचा केसपेपर स्वतःच्या हातानं लिहिला. दादाराव, वय अठ्ठावन्न, राहणार पडेगाव, धंदा पानटपरी. मधुमेह आहे. बिडी सोडली असं सांगतो; सोडलेली नाही. सुनेशी पटत नाही.

“सिस्टर, सुनेचं कशाला लिहायचं?” एका पोरीनं विचारलं.

“गोळ्या कोण देतं घरात?”

“सून.”

“मग?”

पोरीनं वहीत सून लिहून घेतली.

दादारावांजवळ जाताना आधी नाव सांगायचं, हा त्यांचा पहिला नियम. “दादाराव, मी अमुक. तुमचं बीपी बघते. बघू का?” असं विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची. माइकवर कुणी नसलं तरी. एखादी पोर लगेच हात पुढं करायला लागली की मागून आवाज यायचा, “नक्को घाई. वयस्कर माणूस आहे, त्याला बोलायला वेळ लागतो.” आणि अख्खा वर्ग एका रबराच्या माणसाच्या परवानगीसाठी शांत उभा राहायचा. मी हे दारातून पाहिलंय. हसायला यायला हवं होतं.

दुसरा नियम जेवणाचा. गुलमंडीतून घेतलेला एक स्टीलचा डबा त्यांच्या टेबलावर असायचा, त्यात गूळ-शेंगदाणे. लॅबमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न, “जेवलीस का?” नसेल तर आधी मूठभर खायचं, मग आत. “उपाशी पोरगी खाटेजवळ गेली की पेशंट एकाचे दोन होतात,” असं त्यांचं म्हणणं. पुढं पुढं हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारू लागल्या. वायरमनला विचारला, कुरियरवाल्याला विचारला. अध्यक्षांना विचारला तेव्हा ते घाईत होते; त्यांनी सवयीनं “हो हो, करून टाकू,” असं उत्तर दिलं.

लॅबला एक समन्वयकही होते. तरुण, हुशार, पुतळा विकणाऱ्या कंपनीकडून तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि गळ्यात लटकवायचा पट्टा घेऊन आलेले. ‘ताणाशिवाय तयारी नाही’ असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी भिंतीवर छापून लावलं होतं. लॅबमधल्या सरावाची पहिली पाळी त्यांच्याकडं होती. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्या वर्षाच्या रेणुकाला दादारावांचा ताप बघायला सांगितलं.

रेणुका कन्नडकडच्या एका वस्तीवरची, मेंढपाळाची पोर. त्या वस्तीवरून दहावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच मुलगी. तिनं थर्मामीटर हातात घेतला, आणि काचेआडून समन्वयकांनी हृदय बंद पाडायचं बटण दाबलं. न सांगता. मॉनिटर ओरडायला लागला, पडद्यावरची रेघ सपाट झाली, आणि रेणुका थर्मामीटर धरून उभी राहिली. किती वेळ उभी राहिली ते नेमकं सांगता येतं, कारण तिथं कॅमेरा होता: तीन मिनिटं. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ वर्गात मोठ्या पडद्यावर दाखवला. तिच्या चेहऱ्यावर चित्र थांबवून समन्वयकांनी वर्गाला विचारलं, “इथं काय चुकलं?” वर्ग हसला. वर्गाचं काम वर्गानं केलं.

त्यानंतर रेणुका ग्रंथालयात येऊन बसू लागली. अगदी मागच्या बाजूला, जुन्या नियतकालिकांच्या कपाटाआड. ग्रंथपालाच्या आयुष्यात अशी आशा क्वचित येते, म्हणून मी दोन दिवस तिला काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी बघितलं तर पुस्तक परसबागेतल्या भाजीपाल्यावरचं होतं आणि पान पहिल्या दिवशीचंच.

“लॅबचा तास आहे ना आत्ता?” मी म्हणालो.

“त्या खोलीत नाय जायचं सर. तिथं हातच चालत नाय.”

“लॅबमध्ये पास झाली नाहीस तर वर्ष जाईल.”

“ठावं हाय.” तिनं पुस्तक मिटलं. “आबा म्हणलेत, एक साल जरी वाया गेलं तर मेंढरामागं ये. मंग लगीन. मंग झालंच.”

मी हे सिस्टरांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “जेवते का ती?”

“ते मी नाही विचारलं.”

“तीन दिवस पोरगी तुमच्या खोलीत बसलीये. ग्रंथपाल आहात की कपाट?”



गैरहजेरीचं पत्र घरी गेलं आणि आठवड्यानं रेणुकाचे वडील आले. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी. काठी फाटकावर वॉचमनकडं ठेवून आलेले. पोरीनं ‘लायब्रीचे सर’ एवढंच सांगितलं असावं, म्हणून ते आधी माझ्याकडं आले, आणि मी त्यांना लॅबमध्ये घेऊन गेलो. खाटेवर माणूस निजलेला बघून त्यांनी दारातच हात जोडले. “रामराम पाव्हणं.”

सिस्टर हसल्या नाहीत. “या आबा. हे दादाराव. पडेगावचे.”

“ह्यास्नी काय झालंया?”

सिस्टरांनी त्यांना मधुमेहापासून सुनेपर्यंत सगळं सांगितलं. आबा मान डोलवत ऐकत राहिले. बोलता बोलता त्यांनी दादारावांच्या हाताला हात लावला, मागं घेतला, पुन्हा लावून बघितला.

“आन् पोरगी ह्याला भेली व्हय?”

“ह्याला नाही. ह्या खोलीला.”

आबांनी खोलीभर नजर फिरवली. तारा, पडदे, काच, लुकलुकणारे दिवे. “बाई, मेंढरू नव्या वाड्यात न्या, ते दारात आडतंच. मागनं काठी हाणली का पार बिथरतं. परत त्या वाड्यात पाय टाकत नाय, काय बी करा. त्याला आधी जागा हुंगू द्याची. कुणी हाकायचं नाय, वरडायचं नाय. हुंगून झालं का आपसूक आत जातं. आन् मागची समदी घिऊन जातं.”

सिस्टरांनी खिशातून डायरी काढली. “परत सांगा,” म्हणाल्या, आणि शब्द न् शब्द लिहून घेतला.

जाताना आबा म्हणाले, “परीक्षेपस्तोर ऱ्हाऊ द्या तिला. नापास झाली तर मातुर मी थांबायचो नाय.” दारापर्यंत गेले, पुन्हा मागं आले, खांद्यावरची घोंगडी काढून दादारावांच्या अंगावर टाकली. “लई गार हाय हितं,” म्हणाले आणि निघून गेले. त्या घोंगडीला मेंढ्यांचा वास होता. कंपनीच्या माहितीपुस्तकात पुतळ्याची काळजी कशी घ्यावी यावर चाळीस पानं होती; घोंगडीबद्दल त्यात काही नव्हतं. ती तिथंच राहिली.

पुढच्या सोमवारी सूचनाफलकावर सिस्टरांच्या अक्षरात नवीन वेळापत्रक लागलं. बुधवार, अकरा ते बारा: हुंगणे.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. समन्वयकांनी समजावून सांगितलं की सरावाआधी विद्यार्थ्यांना कल्पना देण्याला शास्त्रात ‘प्रीब्रीफिंग’ म्हणतात, आणि ते पुस्तकात आहे. “तेच हे,” सिस्टर म्हणाल्या. “तुमच्या पुस्तकात ते एका पानात उरकलंय. मला तास लागतो.”

त्या तासाला करायचं काहीच नसायचं. पोरी आत यायच्या, कपाटं उघडून बघायच्या, कुठल्या खणात काय आहे ते बघायच्या. मॉनिटरला मुद्दाम ओरडायला लावायच्या आणि गप्प करायच्या, त्याच्या ओरडण्याचा कंटाळा येईपर्यंत. शेजारच्या रिकाम्या खाटेवर आळीपाळीनं निजून छत बघायच्या, कारण पेशंटला तेवढंच दिसतं. काचेच्या खोलीत जाऊन माइकवर दादाराव व्हायच्या आणि सुनेला शिव्या घालायच्या. मग सिस्टर दुसऱ्या दिवशीची केस सांगायच्या: दादारावांना काय होणार, किती बिघडणार, कुठं सावरणार. आणि दर बुधवारी न चुकता एक वाक्य. “न सांगता ह्याचं हृदय कुणी बंद पाडणार नाही. माझा शब्द आहे.”

शेवटची वीस मिनिटं चुकण्यासाठी राखीव होती. प्रत्येकीनं मुद्दाम एक चूक करायची, ‘चुकलं’ असं मोठ्यानं म्हणायचं आणि ती दुरुस्त करायची. सगळ्यात झकास चुकीला डब्यातली पहिली मूठ. “चूक पोटात ठेवली की पेशंटच्या पोटात जाते,” त्या म्हणायच्या. एकीनं बीपीचा पट्टा पायाला बांधला. एकीनं दादारावांच्या नाकातली नळी रिकाम्या खाटेला जोडली. व्हिडिओचा रिमोट सिस्टरांच्या पर्समध्ये असायचा. जिचा व्हिडिओ तिनंच बघायचा. “आपली चूक आपण बघावी. दुसऱ्याची बघायला गाव आहेच.”

पहिले दोन बुधवार रेणुका उंबऱ्यावर उभी राहिली. सिस्टरांनी तिला बोलावलं नाही, तिच्याकडं बघितलंही नाही. पोरींना सक्त ताकीद होती: कुणी ‘ये ना गं’ म्हणायचं नाही. तिसऱ्या बुधवारी ती आत आली. खाटेभोवती एक फेरी मारली, खाटेखाली वाकून बघितलं, घोंगडीला हात लावला. मग खाली वाकून दादारावांचा हात खरोखर हुंगला.

“टायरचा वास येतुया,” ती म्हणाली.

“येणारच. दादाराव आंघोळ करत नाहीत,” सिस्टर म्हणाल्या.

त्या दिवशी रेणुकानं थर्मामीटर डबीसकट दादारावांच्या काखेत ठेवला आणि ‘चुकलं’ असं इतक्या मोठ्यानं ओरडली की खालच्या मजल्यावर माझ्यापर्यंत ऐकू आलं. तिला दोन मुठी मिळाल्या.

सगळं असं सुरळीत चाललेलं कॉलेजला फार काळ सोसत नाही. परीक्षा तोंडावर आली आणि सिस्टरांविरुद्ध लेखी तक्रार दाखल झाली: त्या विद्यार्थिनींना केस आधी सांगतात, हा गोपनीयतेचा भंग आहे. समिती बसली. अध्यक्ष, प्राचार्य, आणि पुण्याहून परीक्षेसाठी आलेले एक बाहेरचे परीक्षक. माहिती द्यायला समन्वयक, आणि अक्षर चांगलं म्हणून इतिवृत्त लिहायला मी.

“तुम्ही केस आधी सांगता?” परीक्षकांनी विचारलं. किडकिडीत गृहस्थ, चेहऱ्यावर काहीच नाही.

“सांगते.”

“पूर्ण?”

“सुनेसकट.”

अध्यक्ष पुढं सरकले. “म्हणजे बाई, तुम्ही पेपर फोडता!”

“साहेब, वॉर्डात दुपारची सिस्टर आली की सकाळची तिला एकेका खाटेपाशी नेते. हा कोण, ह्याला काय झालंय, ह्याला काय होऊ शकतं, सगळं सांगते. त्याला आम्ही हँडओव्हर म्हणतो. तुमच्या हिशेबानं अठ्ठावीस वर्षं मी रोज पेपर फोडलाय. न फोडता गेले असते तर माणसं मेली असती.”

हे मी जसंच्या तसं लिहिलं. इतक्या वर्षांच्या इतिवृत्तांत लिहिण्यासारखं तेवढंच सापडलं होतं.

“पण सगळेच पेशंट सांगून येत नाहीत,” परीक्षक म्हणाले.

“खोली ओळखीची असली की पेशंट अनोळखी चालतो.”

“दाखवा.”

ठरलं असं: उद्या केस परीक्षकांची, बंद पाकिटात. कुणालाच आधी कळणार नाही. पोरगी कोणती? समन्वयकांनी यादी बघून सगळ्यात कमकुवत नोंद असलेलं नाव सांगितलं. रेणुका. आणि तीच तिची परीक्षाही धरायची.

सिस्टर पहिल्यांदाच अडखळल्या. “तिला मी शब्द दिलाय. न सांगता काही करणार नाही म्हणून.”

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. “मग सांगा तिला, की सांगणार नाही.”

सिस्टर तडक लॅबमध्ये गेल्या. रेणुका तिथं खण पुसत होती. “उद्या तुझी परीक्षा. केस पुण्याच्या सरांची. काय होणार ते मला माहीत नाही. मला माहीत नाही, एवढंच मला माहीत आहे, ते तुला सांगितलं.”

रेणुकाच्या हातातलं फडकं थांबलं. “हृदय बंद पाडतील?”

“पाडतीलसुद्धा.”

तिनं खण लावून घेतला. “नापास झाले तर आबा न्यायला येतील.”

“माहीत आहे.”

“मंग सिस्टर, येवढं करा. ती घोंगडी काढाया लावू नगा.”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अध्यक्ष आणि प्राचार्य खुर्च्यांवर बसले. परीक्षक काचेआड माइकसमोर. मी आणि सिस्टर दाराशी उभे. त्यांनी हेल्मेट खुंटीला लावलं नव्हतं, हातात धरलं होतं. रेणुका आत आली. तिच्या हातात परीक्षकांची चिठ्ठी होती, एका ओळीची: पेशंट सकाळपासून अस्वस्थ.

तिनं हात धुतले. “दादाराव मामा, मी रेणुका. नाडी बघते. बघू का?”

“होय,” दादाराव म्हणाले. “मला अत्यंत अस्वस्थ वाटत आहे.” पानटपरी चालवणारे आमचे दादाराव त्या दिवशी क्रमिक पुस्तकासारखं बोलत होते. खिडकीबाहेर जमलेल्या पोरी फिसकन हसल्या.

रेणुकानं नाडी धरली. जोरात पळत होती. ती वाकून म्हणाली, “मामा, जेवलात का?”

काचेआड परीक्षकांनी कागद उलटला, पुन्हा सुलटा केला. “नाही,” शेवटी दादाराव म्हणाले. “इन्सुलिन घेतले. त्यानंतर जेवण झाले नाही.” त्या केसमध्ये हेच तर लपवून ठेवलेलं होतं, आणि ते विद्यार्थ्यानं सगळ्यात शेवटी शोधून काढायचं होतं.

“साखर बघते मामा. बोटाला बारकी सुई टोचंल.” तिनं यंत्र बरोबर दुसऱ्या खणातून काढलं, न शोधता. पडद्यावर आकडा आला अठ्ठेचाळीस, म्हणजे फारच कमी. तेवढ्यात दादारावांचं बोलणं जड झालं, आणि बंद पडलं. मॉनिटर ओरडायला लागला.

रेणुका थांबली. माझ्या डोळ्यांपुढं तो व्हिडिओ सुरू झाला. अध्यक्षांच्याही झाला असावा, कारण ते खुर्चीत सावरून बसले. मग तिनं टेबलावरचा साखरपाण्याचा ग्लास उचलला, दादारावांच्या मानेखाली हात घातला आणि ग्लास ओठांना लावला. शेजारी सिस्टरांचा श्वास अडकलेला मला ऐकू आला.

“चुकलं!” रेणुका ओरडली.

ग्लास खाली ठेवला. “गुंगीत हाय. तोंडानं दिलं तर ठसका लागंल, फुप्फुसात जाईल.” तिनं दादारावांना घोंगडीसकट कुशीवर वळवलं. मग मान वर करून बघितलं तर समोर अध्यक्ष. “ओ काका, बसून काय ऱ्हायलात? हातात फोन हाय ना? डॉक्टरला लावा! म्हणावं साखर अठ्ठेचाळीस, पेशंट बोलत नाय!”

अध्यक्ष उठून उभे राहिले आणि त्यांनी खरोखर फोन कानाला लावला.

काचेआडून डॉक्टर म्हणून आदेश आला. तिनं तो मोठ्यानं परत म्हणून दाखवला, बाटलीवरचं नाव दोनदा वाचलं आणि शिरेतून ग्लुकोज सुरू केलं. मॉनिटर हळूहळू शांत झाला.

“आता बरे वाटत आहे,” दादाराव म्हणाले.

“मामा, आता दोन घास खाऊन घ्या,” रेणुका म्हणाली, “आन् सुनेवर राग काढू नगा.”

परीक्षक बाहेर आले. “ग्लास ओठांपर्यंत गेला. गुण कापावे लागतील.”

“व्हय सर.”

“चूक तोंडानं कबूल करून दुरुस्त केली, त्याला माझ्या कागदावर रकाना नाही.” त्यांनी समासात काहीतरी लिहिलं. “जेवणाचं विचारायचं हे कुणी सांगितलं होतं?”

“सांगितलं न्हवतं सर. सिस्टर समद्यांलाच इचारत्यात. अध्यक्षसायबांला बी.”

परीक्षकांनी सिस्टरांकडं वळून बघितलं. सिस्टर म्हणाल्या, “तुम्ही जेवलात का?”

“सकाळपासून चहावर आहे,” परीक्षक म्हणाले, आणि आज्ञाधारकपणे हात पुढं केला. त्यांच्यामागं समन्वयकही उभे होते. त्यांनाही मूठ मिळाली.

रेणुका पास झाली. सिस्टरांनी तिला शाबासकी दिल्याचं मला आठवत नाही. “डबा रिकामा झाला,” एवढंच म्हणाल्या आणि तो धुवायला घेऊन गेल्या. मी इतिवृत्तात ‘हुंगणे ही पद्धत योग्य असल्याचे समितीचे मत पडले’ असं लिहिलं. प्राचार्यांनी ‘हुंगणे’ खोडून ‘प्रीब्रीफिंग’ केलं, आणि वर्षभरात कॉलेजच्या रंगीत पत्रकावर ‘आमचा अभिनव उपक्रम’ म्हणून तो अध्यक्षांच्या फोटोखाली छापून आला. फोटोत अध्यक्षांच्या कानाला फोन आहे.

सिस्टर त्यानंतर चार वर्षं होत्या. मग गुडघ्यांनी दोन जिन्यांना नकार दिला. निरोपाचा समारंभ त्यांनी करू दिला नाही. “मला शाल नको, माझ्या पाळीवर कोण येतंय ते सांगा,” म्हणाल्या. येणार होती रेणुका. शहरातल्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात काम करून ती आता शिकवायला आली होती. तिचा मोबाइल वाजला की मेंढ्यांचा आवाज यायचा. तो तिनं मुद्दाम लावला होता.

शेवटच्या दिवशी दुपारी सिस्टरांनी मला बोलावून घेतलं. “लायब्रीवाले, साक्षीला थांबा.” दोघी खाटेच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. रेणुकाच्या हातात वही होती.

“दादाराव, वय अठ्ठावन्न,” सिस्टरांनी सुरुवात केली. “पाच वर्षं झाली, वय वाढलेलं नाही. मधुमेह. पथ्य पाळत नाही. डावा डोळा अडकतो, हलकं चोळलं की उघडतो. हृदय आजपर्यंत एकदाच न सांगता बंद पडलंय. परत पडू द्यायचं नाही.”

“नाही पडू देणार.”

“घोंगडी एक. वर्षातून दोनदा उन्हात घालायची. धुवायची नाही, वास जातो. डबा दर सोमवारी भरायचा. बुधवारचा तास कुणाला देऊ नको, प्राचार्य मागतील.”

“पेशंट घाबरतो का?” रेणुकानं विचारलं.

“पेशंट नाही. दारात एक तरी पोर अडेल, दर वर्षी. तिला हाकू नको.”

रेणुकानं लिहून घेतलं आणि खाली सही केली. सिस्टरांनीही केली. मग त्यांनी खुंटीवरचं हेल्मेट घेतलं, डोक्यावर घातलं आणि चालू लागल्या. मी त्यांच्याबरोबर बाहेर आलो. कॉरिडॉरमध्ये दहा-बारा पावलं गेलो असू, तेव्हा मागून उघड्या दारातून आवाज आला.

“दादाराव, मी रेणुका. आजपासून तुमच्याजवळ मी आहे. राहू का?”

मग काहीच ऐकू आलं नाही. ती उत्तराची वाट बघत होती.

सिस्टर जिन्याच्या तोंडाशी थांबल्या. “ऐकलंत लायब्रीवाले? आधी नाव सांगितलं तिनं,” म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हेल्मेटची काच त्यांनी कॉलेजच्या आतच खाली ओढून घेतली.